मागच्या गल्लीचं हळदीकुंकू

अंबिका फणसे रागावल्या की हळू बोलतात. इंदूरच्या नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचा आवाज चढलेला असला तर खुशाल आत जावं, सुट्टीचा अर्ज पुढे सरकवावा, काही होत नाही. पण बाई मऊ आवाजात "बसा ना, भिया" म्हणाल्या की समोरच्यानं काय ते समजून घ्यावं. भिया म्हणजे इंदुरी भैया, पण बाईंच्या तोंडी तो लाडाचा नसतो. त्या दिवशी श्रीकृपा कॉलनीच्या बगीच्यात, सगळ्या कॉलनीच्या देखत, त्या फारच मऊ आवाजात बोलत होत्या.

समोर उभे होते जयसिंगराव, कॉलनीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष. माणूस बँकेतून निवृत्त झाला होता, मिशा झाल्या नव्हत्या. ते म्हणाले, "मॅडम, सीधी बात आहे. बॅकलेनच्या दोन्ही टोकांना गेट लावून टाकू, ताला मारू, चाबी संघाकडे. तुम्ही फक्त परमिशन द्या."

"नाही देणार," अंबिकाबाई हळूच म्हणाल्या.

पलासिया भागाच्या मागच्या अंगाला जुन्या कॉलन्या आहेत, तिथे घरांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या असतात आणि मधून एक अरुंद गल्ली जाते, ती बॅकलेन. एके काळी तिथे मोऱ्यांचं पाणी आणि घरोघरचा कचरा यांचं राज्य होतं. वासापायी लोकांनी मागची दारं कायमची लावून टाकली होती. मग शहराला स्वच्छतेचं वेड लागलं आणि झोनल अधिकारी म्हणून अंबिकाबाईंनी श्रीकृपाची बॅकलेन हातात घेतली. ट्रकच्या ट्रक कचरा निघाला, फरशी झाली, भिंतींवर मोर आणि कमळं आली. गल्ली अशी चकाचक झाली की पलीकडच्या होस्टेलच्या मुली क्लासला जायला तिथूनच ये-जा करू लागल्या. बाईंचं कौतुक झालं, आणि त्यांनीही ते अजिबात न लाजता करून घेतलं.

फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. वास गेला, पण दारं काही उघडली नाहीत. इतक्या वर्षांची सवय, ती अशी थोडीच जाते! एका स्वच्छ, गुळगुळीत, मोटरसायकल सुसाट जाईल अशा वाटेच्या दोन्ही बाजूंना नुसती बंद दारं उभी होती. चोराला याहून काय हवं?

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो आलाच. भानुमतीबाई, सरकारी शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, घरात एकट्या. गल्लीतून दूध घेऊन परत येत होत्या. मोटरसायकलवर दोघं होते. मागच्यानं गळ्यातली साखळी ओढली, बाई आपटल्या, मनगट मोडलं. त्या ओरडल्या. शाळेतला आवाज, काही लहानसहान नव्हता. पण दारं बंद, आत टीव्ही लागलेले, कुकर शिट्ट्या मारत होते. कोणालाही ऐकू गेलं नाही. आपल्याच घराच्या मागच्या भिंतीला टेकून, सांडलेल्या दुधात त्या बसून राहिल्या. शेवटी पलक नावाची होस्टेलची एक मुलगी क्लासहून परतली आणि तिनं त्यांना उठवलं.

त्यांचा मुलगा यशवर्धन पुण्याला असतो. तो धावत आला, आईचा हात प्लास्टरमध्ये पाहिला आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं की घर विकायचं आणि आईला घेऊन जायचं. भानुमतीबाईंना जायचं नव्हतं. या घराची एकेक वीट त्यांच्या पगारातून आलेली होती, आणि पुण्यातल्या नवव्या मजल्यावर आपण करणार काय, हे त्यांना कळत नव्हतं. पण मोडलेल्या हाताच्या बाईचं कोण ऐकतं? मुलानं एवढीच सवलत दिली की थंडी संपेपर्यंत राहा, मग मी येतो आणि सौदा करून टाकतो.

म्हणून बगीच्यातली ती सभा. जयसिंगरावांचा हेतू वाईट नव्हता, माणूस मनापासून घाबरला होता. पण अंबिकाबाई आधीच्या झोनमध्ये असताना त्यांनी अशीच एक गल्ली बंद करून पाहिली होती. थोड्याच दिवसांत कुलूप गंजलं, किल्ली कोणाकडे आहे ते कोणाला आठवेना, कचरा परत साठला, आणि एक चोर भिंतीवरून आत उतरून निवांत, कोणाच्या नजरेस न पडता, खिडकीचे गज कापत बसला. गेट चोराला अडवत नाही, शेजाऱ्याला अडवतं, हे त्या गल्लीनं त्यांना शिकवलं होतं.

"तालं मारून काय होईल ते मी बघून चुकली आहे," त्या म्हणाल्या. "मला रथसप्तमीपर्यंत टाइम द्या. तोवर ही लेन सुरक्षित वाटली नाही, तर गेटचं उद्घाटन मीच करीन, नारळ पण माझा."

जयसिंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. "लिहून घेऊ का?"

"घ्या ना, भिया. बसा."

सभा तिथेच संपली.

अंबिकाबाईंचा जन्म महूचा. वडील छावणीतल्या शाळेत शिक्षक. त्याआधीच्या पिढ्या होळकरांच्या पागेत. पणजोबा म्हणे राजवाड्याच्या दरवाज्यावर पहाऱ्याला असायचे. नवरा धनेश औषधाच्या दुकानात बसतो आणि बायकोच्या नोकरीवर त्याची एक ठरलेली कोटी आहे. तो म्हणतो, हिचे पणजोबा दार बंद ठेवायचा पगार घ्यायचे, ही दार उघडायचा घेते. निगममध्ये त्या कारकून म्हणून लागल्या आणि परीक्षा देत, भांडत, बदल्या झेलत वर आल्या. या वाटेत त्यांनी एक खूणगाठ बांधली होती. पोलिस चोरी झाल्यावर येतात, तेव्हा चोरी होण्याआधीचं सगळं खातं आपलं. दिवा, झाड, फरशी, भिंत, उघडी जागा. हे कोणी त्यांच्या नेमणुकीत लिहून दिलेलं नव्हतं, पण त्यांनी ते आपलं मानलं होतं.

सरकारी होतं ते त्यांनी झपाट्यानं उरकलं. दिवे बदलले, दिव्यांवर आलेल्या फांद्या छाटल्या, मोटरसायकलचा वेग मोडेल असे दगडी खुंट दोन्ही टोकांना बसवले. पोलिस थान्याच्या टीआय साहेबांना, म्हणजे तिथल्या मुख्य इन्स्पेक्टरांना, भेटून बीटच्या शिपायाची संध्याकाळची फेरी गल्लीतून वळवून घेतली. दरोगा मारुती रोज सकाळी झाडझुडीबरोबर दिवे पाहू लागला. दरोगा म्हणजे पोलिसातला नव्हे. इंदुरात सफाईवर देखरेख ठेवणाऱ्या मुकादमाला दरोगा म्हणतात. शब्दाचा रुबाब मात्र मारुतीनं मिशीत आणि चालण्यात पुरेपूर उतरवला होता.

उरली दारं. आणि दार उघडायची ऑर्डर जगातल्या कुठल्याच ऑफिसातून निघत नाही. लोकांना सांगून पाहिलं, "संध्याकाळी थोडा वेळ मागचं दार उघडं ठेवा." लोक म्हणाले, "हाव मॅडम, पक्का." आणि एकानंही ठेवलं नाही. एका घरात तर मागच्या दाराला कपाट टेकवून ठेवलेलं होतं आणि कपाटात लेकीच्या लग्नाच्या साड्या होत्या.

अशात संक्रांत आली आणि जयसिंगरावांच्या पत्नी अमिताताईंचा फोन आला. "मॅडम, हॉलमध्ये हळदीकुंकू ठेवलं आहे, यायचं बरं का."

फोन ठेवता ठेवता अंबिकाबाई थबकल्या. मग पुन्हा कानाला लावून म्हणाल्या, "अमिताताई, हॉल कशाला? मागच्या दारी करू या ना."

"मागच्या दारी? हळदीकुंकू?"

"हाव. ज्याच्या घरची सवाष्ण, तिनं आपापल्या मागच्या दारात उभं राहायचं. बाकीच्यांनी गल्लीतून दारोदार फिरायचं. मी स्वतः बोलवायला येते."

अमिताताईंना आधी हसू आलं, मग त्यांना ते पटलं, आणि मग त्यांनी ते इतक्या जोरात उचललं की जणू कल्पना त्यांचीच. अंबिकाबाईंनी ती खुशाल त्यांची होऊ दिली. कामं करून घेण्याची ही त्यांची जुनी युक्ती.

दुसऱ्या दिवशी हातात करंडा घेऊन त्या आणि अमिताताई गल्लीत निघाल्या. एकेक दार वाजवायचं, बाई बाहेर आली की कुंकवाचं बोट लावायचं, आमंत्रण द्यायचं. मराठी घरं होती, माळवी होती, जैन होती, सिंधी होती. सगळ्यांनी हौसेनं होकार दिला. कड्या गंजल्या होत्या, त्यांना तेल घातलं गेलं. साड्यांचं कपाट हलवायला चार पुरुष लागले.

आणि मग ती संध्याकाळ! गल्लीत रांगोळ्या, दारांत समया, अत्तर, बोरं, उसाचे करवे, तिळाचे लाडू. बायकांनी एकमेकींची तोंडं पाहिली ती पाहतच राहिल्या. एक माळवी बाई मागच्या घरच्या बाईला म्हणाली, "बीस साल से आपके कुकर की सीटी सुन रही हूँ, शकल आज देखी." दोघी इतक्या हसल्या की हातातली वाटी पडली. होस्टेलच्या मुलींनाही बोलावून घेतलं, त्यांनी फोटोंचा पाऊस पाडला. पुरुष मंडळी दारांत ओशाळवाणी उभी होती. जयसिंगरावांना कोणीतरी लाडवांची पाटी धरायला दिली आणि ते शेवटपर्यंत ती इमानानं धरून राहिले. अंबिकाबाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून हे पाहत होत्या आणि मनात स्वतःची पाठ थोपटत होत्या.

पुढच्या दोन-चार संध्याकाळी त्या मुद्दाम येऊन गेल्या. दारं उघडी होती. कोणी भाजी निवडत होतं, कोणी पोराचा अभ्यास घेत होतं, कोणी नुसतंच पलीकडच्या दाराशी बोलत होतं. फक्त गल्लीच्या मधोमध, नेमका जिथे चोरीचा प्रकार झाला तिथे, एक लांबच लांब तुकडा मुका होता. तिथली दोन घरं भाड्याच्या गोदामांची, कायम बंद. आणि त्यांच्या मध्ये भानुमतीबाईंचं दार, तेही बंद.

"काकूंचं दार का लागलेलं?" त्यांनी मारुतीला विचारलं.

मारुती खाली पाहू लागला. "मॅडम, ते तर हळदीकुंकवाच्या दिवशी पण बंदच होतं."

अंबिकाबाई वळसा घालून पुढच्या दारी गेल्या. भानुमतीबाईंनी हसून आत घेतलं, प्लास्टर निघालेल्या हातानं चहा केला, आग्रहानं लाडू दिला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मुलगा थोड्याच दिवसांत येतोय, दलालानं एक गिऱ्हाईक आणलंय, वगैरे. शेवटी अंबिकाबाईंनी आपल्या नेहमीच्या अधिकारानं विचारलं, "काकू, परवा सगळी कॉलनी गल्लीत होती. तुम्ही का नाही आलात?"

भानुमतीबाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच जास्त लागलं.

"बेटा, मला कोणी बोलावलंच नाही," त्या म्हणाल्या.

अंबिकाबाईंनी हातातला लाडू बशीत परत ठेवला. त्यांच्या डोळ्यांपुढे ती दुपार आली. हातात करंडा, एकेक दार, हे दार, ते दार, आणि मग गोदामांच्या मधलं हे दार. ते त्यांनी वाजवलं नव्हतं. ठरवून नाही, विचार करून नाही, त्यांचे पायच पुढे निघून गेले होते. विधवेच्या दारी हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यांचे वडील लवकर गेले, आणि त्यानंतर दर संक्रांतीला त्यांची आई आतल्या खोलीत बसून असायची, बाहेर बायकांचा गलका चालू असायचा. पोरगी असताना अंबिकेनं त्यावरून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आणि आता तीच पोरगी करंडा घेऊन दुसऱ्या कोणाच्या तरी आईचं दार ओलांडून गेली होती. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, नेमकी तीच बाहेर राहिली. एवढी शरम त्यांना नोकरीत कधी वाटली नव्हती, आणि नोकरीत त्यांनी बरंच काही पाहिलं होतं.

"मीच आली होती बोलवायला," त्या म्हणाल्या. "तुमच्या दारावरून मीच पुढे गेली काकू. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही."

"अगं, रिवाजच आहे तो. मी वाईट मानलं नाही."

"मी मानलं."

मग अंबिकाबाई सरसावून बसल्या. रडत बसणं त्यांच्या स्वभावात नाही. "काकू, रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू. ते तुमच्या दारी करायचं. तुम्ही बोलवायचं, तुम्ही लावायचं."

भानुमतीबाई हसल्या. "माझ्या हातचं कुंकू घ्यायला येणार कोण? मुलगा त्याच दिवशी येतोय. दार उघडून मी उभी राहीन, गल्ली रिकामी असेल, आणि तो बघेल. मग मला इथे ठेवायला त्याच्याकडे एकही कारण राहणार नाही. तू मला घालवायलाच निघालीस की काय?"

यात सगळं आलं होतं. बायका आल्या नाहीत तर भानुमतीबाई जाणार. त्या गेल्या तर ते दार कायमचं बंद, गल्लीचा मधला तुकडा पुन्हा चोरांच्या हवाली, आणि दोन्ही टोकांना गेट. अंबिकाबाईंना हे स्पष्ट दिसत होतं. तरी त्या म्हणाल्या, "येतील. माझी जबाबदारी."

तिथून उठून त्या थेट अमिताताईंकडे गेल्या. अमिताताई दचकल्या. वाईट बाई नव्हती ती. भानुमतीबाईंचा हात मोडला तेव्हा कितीतरी दिवस हिनंच डबा पोचवला होता. पण त्या म्हणाल्या, "मॅडम, मला तर काही नाही हो. पण बाकीच्या बायका काय म्हणतील? मतलब, शकुन-अपशकुन असतो ना काही."

अंबिकाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "अमिताताई, त्या पडल्या, तेव्हा सगळी गल्ली दारं लावून बसली होती. मग आपण दारं उघडली आणि त्यांचं तेवढं बंद ठेवलं. अपशकुन आणखी काय असतो?"

आतून जयसिंगराव हे ऐकत होते, त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

रथसप्तमीला भानुमतीबाईंनी दार उघडलं. रांगोळी काढली, समई लावली, मोठ्या ताटात वाण मांडलं. मास्तरीणच ती, वाण म्हणून तिनं पेनं आणली होती. यशवर्धन सकाळच्या गाडीनं आला होता आणि आतून, हाताची घडी घालून, पाहत होता. अंबिकाबाई सरकारी काम असल्यासारखा चेहरा करून थोड्या अंतरावर उभ्या होत्या. गल्ली रिकामी होती. बराच वेळ रिकामी राहिली. समईची वात एकदा सारून झाली.

सगळ्यात आधी आली पलक, तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन. मग ती कुकरवाली माळवी बाई. आणि मग टोकाच्या घरातून अमिताताई निघाल्या, जरीची साडी नेसून, चार बायकांना मागे घेऊन, हळू पण सरळ चालत आल्या आणि भानुमतीबाईंच्या पुढे कपाळ करून उभ्या राहिल्या. भानुमतीबाईंनी हळद लावली, कुंकू लावलं, पेन दिलं. मग अमिताताईंनी स्वतःचं बोट करंड्यात बुडवलं.

भानुमतीबाईंनी तो हात धरला. "हळद लाव," त्या म्हणाल्या. "कुंकू राहू दे. ते ह्यांच्याबरोबर गेलं, मला त्याची सवय नाही आता. पण हळद लाव."

अमिताताईंनी हळद लावली आणि दोघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं. अंबिकाबाईंनी मान फिरवून उगाचच एका दिव्याची तपासणी केली.

पण यशवर्धनचं मन वळलं नव्हतं. तो वाईट नव्हता आणि मूर्खही नव्हता. त्यानं अंबिकाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, हे छान झालं. पण हा एका दिवसाचा सण आहे. आई पडली तेव्हा मी सहाशे किलोमीटरवर होतो. मला पुरावा सांगा, की परत असं होणार नाही."

हेच त्यांच्या कामाचं दुखणं होतं. झालेली चोरी दाखवता येते, न झालेली कशी दाखवणार? तरीही त्या डगमगल्या नाहीत. "राहून बघा दोन-चार दिवस," एवढंच म्हणाल्या.

तो राहिला. दलालाला मात्र त्यानं बोलावून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी दलाल पुढच्या खोलीत बसून होता. दिवेलागण झाली होती. भानुमतीबाई मागच्या दारात पाटावर बसून मटार सोलत होत्या. अंबिकाबाई आणि मारुती फेरी मारत गल्लीच्या तोंडाशी आले होते, तेवढ्यात खुंटांमधून हळूहळू एक मोटरसायकल आत शिरली. वर दोघं. तोंडाला रुमाल. पुढे होस्टेलची एक मुलगी फोनवर बोलत चालली होती.

मारुती धावायला निघाला. अंबिकाबाईंनी त्याचा दंड धरला. का धरला ते त्यांना सांगता आलं नसतं.

मोटरसायकल मधल्या तुकड्यापाशी आली आणि भानुमतीबाईंनी मान वर केली.

"कोणाकडे जायचंय?" शाळेचा आवाज गल्लीभर गेला.

मोटरसायकल थांबली. "वो... शर्माजी के यहाँ।"

"यहाँ कोई शर्माजी नहीं रहते. रुमाल काढ बघू तोंडावरचा. नाव काय तुझं?"

गोदामापलीकडचं दार उघडंच होतं, तिथून माळवी बाई बाहेर आली. "कौन है, मास्टरनीजी?" पलीकडून अमिताताई आल्या, हातात लाटणं, पोळ्या चालल्या होत्या. त्यांच्या मागून बनियनवर जयसिंगराव. "क्या भिया, किसको ढूँढ रहे हो? हमको बताओ." आणखी एक दार, आणखी एक. कोणी ओरडलं नाही, कोणी धावलं नाही. सगळे नुसते उभे राहून त्या दोघांकडे पाहत होते, आणि मुलगी केव्हाच भानुमतीबाईंच्या पाटाशेजारी येऊन उभी राहिली होती.

पुढच्यानं मोटरसायकल वळवली. खुंटांपाशी अडखळली, दोघांना खाली उतरून ती बाहेर काढावी लागली. मारुतीनं तेवढ्यात गाडीचा नंबर थान्यात फोन करून सांगितलासुद्धा. जयसिंगराव आत जाताना अमिताताईंना म्हणाले, गेटचं आता राहू दे, आणि गल्ली परत पोळ्या-भाजीला लागली. काहीच घडलं नव्हतं.

यशवर्धन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो आईजवळ उकिडवा बसला. "आई, तू घाबरली नाहीस?"

"घाबरले की," भानुमतीबाई म्हणाल्या. मटाराचे दाणे भांड्याबाहेर पडत होते. "त्या दिवशी पण घाबरलेच होते. तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं, एवढाच फरक."

पडलेले दाणे वेचून त्यानं भांड्यात टाकले. मग उठून आत गेला आणि दलालाला म्हणाला, "भिया, अभी रहने दो. अभी घर नहीं बेच रहे."

"अभी काय?" मागच्या दारातून आवाज आला. "मी आहे तोवर नाही, असं सांग त्याला. आणि त्या दोघी बाहेर उभ्या आहेत त्यांना म्हणावं आत या, चहा टाकते."

एव्हाना दारापाशी येऊन उभ्या होत्या अंबिकाबाई आणि त्यांच्या शेजारी मारुती. दोघी कशा, हे विचारायच्या फंदात कोणी पडलं नाही. मास्तरीण घाबरलेली होती आणि चष्मा आत राहिला होता. मारुतीनं मिशी सावरली, आणि अंबिकाबाई या वेळी ते दार वाजवून आत गेल्या.